मागून येणारी धूळ

गाडी पुढे धावत होती आणि धूळ मात्र मागून आत येत होती. हा प्रकार मी गेल्या वर्षी तंजावूर ते तिरुचिरापल्ली या वाटेवर अनुभवला, आणि आजचे हे भाषण त्यातूनच सुचले आहे.

तंजावूरला मी गेलो होतो तो एक वीणा आणावयास. माझी पुतणी गेली चार वर्षे वीणा शिकते आहे. तिला आता स्वतःचे वाद्य हवे होते, आणि घ्यावयाची तर तंजावूरचीच वीणा घ्यावी असे तिच्या गुरूंचे मत पडले. तेथील कारागीर फणसाच्या लाकडातून ही वीणा कोरून काढतात, तिच्या दांडीवर मेणामध्ये पितळेचे चोवीस पडदे बसवतात आणि टोकाशी यालीचे मुख घडवतात. वाद्याची लांबी चार फुटांच्या आसपास. लाकडी पेटीत घातले की ती आणखी वाढते. पेटी बांधून झाल्यावर आम्ही मोटारीकडे पाहिले तेव्हा अडचण ध्यानी आली. मागच्या बाकावर माझी पुतणी, वहिनी आणि आमचे यजमान अप्पा बसणार होते, आणि त्यांच्या पाठीमागच्या जागेत ती पेटी मावत नव्हती. चालकाने क्षणाचाही विचार न करता मागचे वर उघडणारे दार अर्धवट उघडे ठेवले, पेटीचे टोक बाहेर काढले आणि दोरीने सारे आवळून टाकले. असे आपण सर्वांनीच पाहिले आहे. लग्नसराईत कपाटे अशीच जातात, पाडव्याला बांबू आणि उसाच्या मोळ्याही अशाच जातात.

वल्लम मागे पडले आणि लालसर मातीचा मुलूख लागला. रस्त्याच्या कडेचे काम चालू होते. उकाडा असल्यामुळे बाजूच्या काचा खाली केलेल्या होत्या. मी पुढे चालकाशेजारी बसलो होतो, म्हणून मला प्रथम काहीच जाणवले नाही. अर्ध्या तासाने मागून वहिनींचा आवाज आला की मळमळते आहे. पुतणी म्हणाली, "काका, माझं डोकं फार दुखतंय, आणि झोप येतेय." मागे वळून पाहतो तो तिघांच्या कपड्यांवर तांबूस धुळीचा थर चढलेला आणि धुराचा उग्र वास भरून राहिलेला. आम्ही ताबडतोब गाडी कडेला घेतली आणि सर्वांना झाडाखाली मोकळ्या हवेत बसवले.

अप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचे घराणे भोसल्यांच्या राज्यात तंजावूरला आले ते तेथलेच झाले. घरात आजही मराठी बोलतात, तिला तमिळचा हेल आहे आणि तिच्यात आपल्याकडे लोपलेले कित्येक शब्द जिवंत आहेत. धोतर झटकीत त्यांनी मला विचारले, "तुम्ही यंत्रविद्या शिकवणारे. मला एवढे सांगा, आपण तर पुढे पळत होतो. मागची धूळ मागे राहावी, ती आमच्या अंगावर कशी धावून आली?"

प्रश्न अगदी रास्त होता. गंमत अशी की त्याचे उत्तर आदल्या दिवशी संध्याकाळी खुद्द अप्पांनीच मला दाखवले होते. फक्त ते उत्तर आहे हे आम्हा दोघांनाही तेव्हा ठाऊक नव्हते.

तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराशेजारून एक मोठा कालवा वाहतो. लोक त्याला 'पुदु आरु' म्हणजे नवी नदी म्हणतात. कावेरीवरच्या प्राचीन कल्लणै बंधाऱ्यापाशी त्याचा उगम. मेट्टूरचे धरण १९३४ मध्ये पुरे झाले त्याच काळातील हे काम. मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास पाहून आम्ही बाहेर पडलो आणि कालव्याच्या पुलावर टेकलो. मेट्टूरचे पाणी सुटलेले होते, कालवा काठोकाठ भरून चालला होता. अप्पांनी उभ्या आयुष्यात असे हजारो खांब पाहिलेले. तरी त्यांनी कौतुकाने खाली बोट दाखवले. पुलाच्या खांबाच्या पुढच्या अंगाला पाणी थडकत होते आणि तेथे त्याची पातळी किंचित फुगलेली होती. दोन्ही कुशींवरून ते वेगाने घसरत होते. पण खांबाच्या पाठीमागे मात्र पाणी पुढे जात नव्हते! तेथे भोवरे फिरत होते, आणि कोणीतरी टाकलेले केळीचे जेवणाचे पान त्या भोवऱ्यांत सापडून प्रवाहाच्या उलट दिशेने हळूहळू खांबाकडे येत होते. खांबाला टेकावे, बाजूला सरकावे, पुन्हा मागे जावे, पुन्हा खांबाकडे यावे, असा त्याचा क्रम चालला होता.

ते केळीचे पान म्हणजेच आमच्या गाडीतील धूळ. खांब स्थिर असून पाणी वाहते, गाडीच्या बाबतीत हवा स्थिर असून गाडी धावते, एवढाच फरक; गाडीत बसून पाहिले तर तोही उरत नाही.

आता हे का घडते ते पाहू. वाहती हवा मोटारीच्या तोंडाशी येते तेव्हा ती अडते, तिचा वेग मंदावतो आणि तेथे दाब वाढतो. मग ती टपावरून आणि कुशींवरून वाट काढते. ही वाट अरुंद, म्हणून वेग वाढतो आणि वेग वाढला की दाब उतरतो. येथपर्यंतचा प्रवास उतारावरून जाण्यासारखा सोपा आहे. खरी कसोटी पुढे आहे. गाडीच्या मागच्या अंगाला हवेने पुन्हा एकत्र यावे, वेग कमी करावा आणि मूळचा दाब परत मिळवावा अशी अपेक्षा असते. कमी दाबाकडून जास्त दाबाकडे जाणे म्हणजे चढ चढणे. सायकलस्वार उतारावर मिळवलेल्या वेगाच्या बळावर समोरचा चढ चढून जातो, तसे हवेने करावयाचे असते. परंतु गाडीच्या पत्र्याला चिकटून चाललेला हवेचा पातळ थर वाटेत घर्षणाने आपला वेग गमावून बसलेला असतो. तो चढाच्या मध्येच थबकतो, मागे वळतो आणि पृष्ठभाग सोडून देतो. त्याच्या मागोमाग सारा प्रवाहच पाठीपासून सुटतो. मग गाडीमागे एक पोकळी तयार होते. ती रिकामी नसते. तिच्यात हवा असते, पण ती कमी दाबाची, भोवऱ्यांत गरगरणारी आणि गाडीबरोबरच ओढली जाणारी अशी असते.

या पातळ थराचे महत्त्व ओळखावयास विज्ञानाला फार काळ लागला. अठराव्या शतकात दालांबेर या फ्रेंच गणितज्ञाने हिशेब मांडला, तर घर्षणरहित प्रवाहात बुडालेल्या वस्तूवर कसलाच रोध येत नाही असे विचित्र उत्तर निघाले. कागदावर चूक सापडेना आणि वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या माणसाला तर रोध साक्षात जाणवत होता. हे कोडे लुडविग प्रांट्‌ल या जर्मन संशोधकाने सोडविले. १९०४ मध्ये हायडेलबर्ग येथील गणितज्ञांच्या परिषदेत त्यांनी एक छोटा निबंध वाचला आणि 'सीमास्तर' ही कल्पना मांडली. त्यासाठी त्यांनी जे उपकरण वापरले ते म्हणजे हाताने फिरवावयाचे चाक लावलेली पाण्याची एक टाकी. कालव्याच्या पुलावरून आम्ही जे पाहिले तेच त्यांनी त्या टाकीत पाहिले होते, फक्त त्यांनी ते नीट पाहिले.

तेव्हा मोटारीला अडविणारी हवा ही केवळ समोरून ढकलणारी हवा नव्हे. पुढे जास्त दाब आणि मागे कमी दाब, या दोहोंतील तफावत गाडीला मागे खेचते, आणि आजच्या मोटारींत या खेचण्याचा मोठा वाटा मागच्या पोकळीचा असतो. सामान्य माणसाला मात्र नेमके उलटे वाटते. टोकदार नाक दिसले की गाडी वेगवान असणार असा आपला ग्रह होतो. निसर्गाने मात्र माशाचे तोंड बोथट ठेवले आणि शेपटीकडे अंग निमुळते केले. पुढचे टोक गोलसर असले की पुरते. कौशल्य सारे मागे लागते.

हा रोध किती असतो याचा अंदाज असावा. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मध्यम आकाराच्या मोटारीवर हवेचा रोध साधारण ३५ किलो वजनाएवढा येतो. त्याला तोंड देण्यासाठीच इंजिनाची बारा-तेरा अश्वशक्ती खर्ची पडते. वेग निम्मा केला की रोध एक-चतुर्थांश होतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती तर एक-अष्टमांशावर येते. गावातल्या गावात फिरताना वाऱ्याची फिकीर कोणी करू नये. महामार्गावर मात्र पेट्रोलच्या खर्चातील मोठा हिस्सा मागच्या भोवऱ्यांना फिरवीत ठेवण्यात जातो. या भोवऱ्यांचा आपल्याला काही उपयोग नसतो, पण त्यांचे देणे आपल्यालाच द्यावे लागते.

यावरचा उपाय सरळ दिसतो: गाडीची पाठ माशासारखी हळूहळू निमुळती करावी, म्हणजे हवा पृष्ठभाग न सोडता मागे मिळेल. पहिल्या महायुद्धानंतर पॉल याराय या अभियंत्याने हेच केले. झेपेलिन हवाई जहाजांच्या कारखान्यात काम केलेल्या या गृहस्थाने पाण्याच्या थेंबासारख्या आकाराच्या मोटारी आखल्या, आणि त्याच विचाराने झेकोस्लोव्हाकियातील टाट्रा कंपनीची '७७' ही गाडी १९३४ मध्ये अवतरली. परंतु चढ सौम्य ठेवावयाचा तर शेपटी फार लांब लागते. अशी गाडी उभी करावी कोठे आणि वळवावी कशी? शिवाय त्या शेपटीत माणसे बसत नाहीत आणि सामानही नीट राहत नाही. १९३० नंतरच्या काळात श्टुटगार्ट येथे वुनिबाल्ड काम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मधला मार्ग काढला. शेपटी निमुळती करण्यास आरंभ करावयाचा आणि पुरेशी निमुळती झाली की तेथेच ती सरळ छाटून टाकावयाची. छाटलेल्या कडेपाशी हवा सुटते खरी, पण ती एका लहान, ठरलेल्या जागी सुटते आणि मागची पोकळीही लहान राहते. टोयोटाची प्रियस ही गाडी आपल्या रस्त्यांवर क्वचितच दिसते, पण तिची उंच, सरळ तोडलेली पाठ पाहिली म्हणजे हा विचार किती टिकाऊ ठरला ते कळते.

आपल्याकडे पाठीचे निरनिराळे आकार शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची संधी पुण्याच्या एका कारखान्याने दिली होती. टाटांनी १९९८ मध्ये 'इंडिका' काढली. तिची पाठ आखूड आणि उभट, मागे वर उघडणारे दार. २००२ मध्ये तिचेच अंग घेऊन, मागे डिकी जोडून, 'इंडिगो' काढली. मग २००४ मध्ये टप शेवटपर्यंत लांबवून 'इंडिगो मरीना' आली. तोंडवळा एकच, पाठी तीन! तंजावूर-तिरुचिरापल्ली रस्त्यावर भाड्याच्या गाड्या म्हणून इंडिका आणि इंडिगो कित्येक वर्षे धावल्या. पावसाळ्यात कोणी लक्ष देऊन पाहिले असेल तर त्याला आढळले असेल की उभ्या पाठीच्या गाडीची मागची काच चिखलाने माखलेली असे आणि डिकीवाल्या गाडीची काच त्यामानाने स्वच्छ राही. डिकीवाल्या गाडीत टपावरची हवा मागच्या काचेवरून उतरून डिकीच्या झाकणाला लागण्याचा प्रयत्न करते, आणि चिखलाचा भोवरा डिकीच्या मागे, खाली राहतो. उभ्या पाठीला तो थेट काचेवर आपटतो. मागच्या काचेला पुसणी बहुधा उभ्या पाठीच्या गाडीलाच का असते, त्याचे कारण हेच.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. शास्त्रज्ञांनी पाठ छाटली ती वाऱ्याचा विचार करून. आपण ती छाटली करासाठी. २००६ च्या अंदाजपत्रकात चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या, लहान इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. झाले! २००८ मध्ये इंडिगोची डिकी आखूड करून तिची नवी आवृत्ती निघाली, इतर कंपन्यांनीही तोच कित्ता गिरविला, आणि मागून कोणी करवतीने कापल्यासारख्या दिसणाऱ्या मोटारींची एक जातच भारतात जन्मास आली. २०१७ च्या वस्तू व सेवा करातही ती चार मीटरांची रेघ राहिली. वाऱ्याला तिच्याशी काही कर्तव्य नाही.

आता पाठीच्या उतरणीचा कोन किती असावा, या प्रश्नाकडे येऊ. कारण या विषयातील सर्वांत नवलाची गोष्ट येथे आहे. १९७० नंतरच्या दशकात फोक्सवागेन कंपनीच्या अभियंत्यांना आपल्या नव्या लहान गाडीची पाठ आखताना आढळले की उतार जरासा बदलला की रोध एकाएकी उडी मारतो. पुढे १९८४ मध्ये एस. आर. अहमद आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी जर्मनीतून याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी खरी मोटार घेतलीच नाही. एक मीटरहून थोडा लांब असा ठोकळा घेतला, त्याचे तोंड गोल केले आणि पाठीचा वरचा काठ निरनिराळ्या कोनांत तासून वातविवरात, म्हणजे वेगवान वारा सोडलेल्या बोगद्यात, ठेवला. त्या साध्या ठोकळ्याला आज जगभर 'अहमद ठोकळा' म्हणूनच ओळखतात, आणि मोटारीच्या वाऱ्याचा अभ्यास करणारा प्रत्येक विद्यार्थी त्यावर हात बसवूनच पुढे जातो.

त्यांना काय आढळले? काठ मुळीच न तासता पाठ सरळ उभी ठेवली, तर रोधगुणांक सुमारे ०.२५ येतो. उतार १२ अंशांच्या आसपास नेला की तो ०.२३ पर्यंत खाली येतो. येथवर सारे अपेक्षेप्रमाणे. परंतु उतार आणखी वाढविला की रोध कमी होण्याऐवजी चढू लागतो आणि ३० अंशांपाशी ०.३८ च्या जवळ जातो. त्याच्या थोडेसे पलीकडे गेले की तो एकदम कोसळून ०.२६ वर येतो! एका-दोन अंशांच्या फरकात एवढी उलथापालथ.

याचे कारण कुशींवरच्या हवेत आहे. उतरत्या पाठीवर दाब कमी असतो आणि कुशींवर त्यामानाने जास्त. म्हणून कुशीवरची हवा दोन्ही कडांवरून पाठीवर वळते, आणि वळताना पीळ घातलेल्या दोरासारखे दोन लांब भोवरे निर्माण करते. हे भोवरे टपावरच्या हवेला खाली दाबून पाठीला चिकटवून ठेवतात. हा झाला त्यांचा उपकार. पण भोवऱ्याच्या गाभ्यात दाब फारच कमी असतो, आणि तो कमी दाब पाठीला मागे खेचतो. ही त्याची किंमत. उतार वाढतो तसे भोवरे बळावतात आणि किंमत वाढते. ३० अंशांच्या पलीकडे हवेला पाठीला धरून राहणेच अशक्य होते, ती साफ सुटते, भोवरे मोडतात आणि रोध उतरतो. हवा चिकटून राहिली म्हणजे रोध नेहमी कमीच होतो, हा भोळा समज त्या ठोकळ्याने मोडून काढला.

त्या भोवऱ्यांचा दाब पाठीला केवळ मागे खेचत नाही, वरही खेचतो. उतरती पाठ म्हणजे वर तोंड करून असलेला पृष्ठभाग. त्याच्यावर दाब कमी झाला की तो उचलला जाणारच. तंजावूरच्या हवाई तळावर जानेवारी २०२० पासून सुखोई-३० विमानांची तुकडी आहे. त्या विमानाच्या पंखाला जी उचल हवी असते, तीच उचल मोटारीला नको असते. विमान पंखांच्या आधारावर राहते. मोटार टायरच्या तळहाताएवढ्या चार ठिगळांवर रस्त्याला धरून असते. मागची चाके हलकी झाली की वळणावर ती बाहेर सरकू पाहतात, आणि पाठ निसटलेली गाडी सावरणे भल्याभल्यांना जमत नाही.

ही उचल वेगाच्या वर्गाने वाढते. गुळगुळीत, कमानदार पाठीच्या एखाद्या गाडीच्या मागच्या चाकांवरचा भार ताशी ६० किलोमीटरला दहा किलोने कमी होत असेल, तर ताशी २०० किलोमीटरला तो शंभराहून अधिक किलोने कमी होतो. पहिला फरक कोणाच्या ध्यानातही येणार नाही. दुसरा जिवावर बेतू शकतो. १९९८ मध्ये बाजारात आलेल्या ऑडी टीटी या देखण्या गाडीची पाठ अशीच एकसंध गोलाईची होती. जर्मनीच्या महामार्गांवर फार मोठ्या वेगात एकाएकी मार्गिका बदलताना तिचे अपघात झाले, त्यांत माणसे दगावली, आणि अखेर कंपनीने गाड्या परत बोलावल्या. स्प्रिंगांच्या जोडणीत फेरफार केले, घसरण आवरणारी विद्युत्‌यंत्रणा दिली आणि मागच्या झाकणावर एक छोटी आडवी पट्टी बसविली. ही पट्टी हवेला पाठीवरून खाली घसरू देत नाही. तिला ठरल्या जागी सोडते, आणि तिच्या पुढे दाब थोडा वाढतो. म्हणजे मागचे अंग तितके कमी उचलले जाते. पोर्शे कंपनीने १९७३ च्या आपल्या 'कॅरेरा आरएस' गाडीला बदकाच्या शेपटीसारखी पट्टी लावली होती, तीही याचसाठी.

आपल्या शहरांतील तरुण मंडळी लहान मोटारींच्या डिकीवर ज्या भल्याथोरल्या पट्ट्या हौसेने बसवून घेतात, त्यांचा मात्र याच्याशी संबंध जोडू नये. ताशी चाळीसच्या वेगात त्या पट्टीवर वाळत घातलेले कपडे जेवढे काम करतील तेवढेच ती पट्टी करते. उलट उभ्या पाठीच्या गाडीला टपाच्या शेवटी जे छोटे छज्जे कारखान्यातूनच येतात, ते दिसावयास साधे, पण बहुधा विचारपूर्वक घातलेले असतात. ते हवेला काचेच्या वरच सोडून देतात आणि मागची पोकळी आटोपशीर ठेवतात.

आता पुन्हा त्या झाडाखाली बसलेल्या आमच्या मंडळींकडे. आमची गाडी उभ्या पाठीची होती, म्हणजे तिच्या मागची पोकळी मोठी. चाकांनी उडविलेली धूळ आणि सायलेन्सरमधून निघालेला धूर हे दोन्ही त्याच पोकळीत, केळीच्या त्या पानासारखे, घुटमळत होते. एरवी मागचे दार बंद असते, म्हणून ते काचेवर आपटून राहतात. आम्ही ते दारच उघडे ठेवले होते! भरीस भर म्हणून बाजूच्या काचाही उघड्या होत्या. कुशींवरून हवा वेगाने जात असल्याने तेथे दाब मागच्या पोकळीपेक्षाही कमी. म्हणून गाडीतील हवा खिडक्यांतून बाहेर ओढली जात होती आणि तिची जागा घेण्यास मागून धूळ आणि धूर आत शिरत होते. आम्ही नकळत एक उलट्या दिशेचे धुराडे तयार केले होते, आणि त्याच्या तोंडाशी एका मुलीला बसविले होते.

धुळीचे एक वेळ सोडून द्या, ती दिसते आणि झटकता येते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. जो उग्र वास आम्हाला आला तो धुरातील इतर द्रव्यांचा. ती द्रव्ये थोडी असती तर आम्हाला सूचनाही मिळाली नसती. हा वायू रक्तातील रंगद्रव्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो, आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. आरंभी डोके दुखते, मळमळते, ग्लानी येते. प्रवासाचा शीण समजून आपण दुर्लक्ष करतो आणि मुलांना "झोप थोडा वेळ" असे सांगतो. तसे सांगण्याच्या बेतात मीही होतो. म्हणून मागचे दार उघडे ठेवून मोटार चालवू नये. निरुपायच झाला तर बाजूच्या काचा बंद करून पुढच्या पंख्याने बाहेरची हवा जोराने आत घ्यावी, म्हणजे गाडीत दाब राहतो आणि आत येऊ पाहणारा धूर बाहेर ढकलला जातो. अर्थात हा उपाय दुय्यम. दार बंद करणे हाच खरा उपाय.

मोकळ्या हवेत पाऊण तास बसल्यावर पुतणीचे डोके उतरले आणि ती अप्पांनी आणलेली मुरुक्कू मागू लागली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी रस्त्यावरच्या लाल मातीत काडीने मोटारीची आकृती काढून अप्पांना हे सर्व सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे पुलाच्या खांबाला आम्ही पुढे आणि मागे दोन्हीकडे निमूळ देतो, ते उगीच नव्हे." मी म्हटले, "उगीच नव्हे. खांब मागे लांबवता येतो, तुम्हाला चार मीटरांचा कर नाही."

चालकाने दोरी सोडली. वीणेची पेटी आत घ्यावयाची तर मागच्या बाकाची एक पाठ पाडणे भाग होते, आणि मग गाडीत एक माणूस जास्त होत होता. अप्पांना मी पुढे बसविले, मागचे दार स्वतः ओढून नीट लागले याची दोनदा खात्री करून घेतली, आणि मागून येणाऱ्या सरकारी बसला हात केला. बसमध्ये जागा होती ती फक्त शेवटच्या बाकावर. मी तिरुचिरापल्लीपर्यंत उभाच राहिलो.